जुन्या एमएम ५४०चं इंजिन: आहे तेच करायचं, जुन्या बाजारातून आणायचं की डीआय टाकायचं?

एमएम ५४० किंवा तिच्या आसपासची प्युजो इंजिनवाली जुनी महिंद्रा जीप ज्यांच्याकडे आहे, आणि जी नुसती शेडमध्ये पुसून ठेवलेली नाही तर अजून आंब्याच्या बागेत, चिरेखाणीवर, खाडीकाठच्या कच्च्या रस्त्याला राबते, त्यांच्यापुढे कधी ना कधी हा प्रश्न येतोच. गाडी ओढत नाही, धूर मारते, सकाळी स्टार्ट व्हायला त्रास देते, आणि जो भेटेल तो वेगळा सल्ला देतो. एक म्हणतो फुल इंजिन काम करून घ्या, दुसरा म्हणतो कशाला खर्च, जुन्या बाजारात चालू इंजिन मिळतं ते आणून बसवा, तिसरा म्हणतो सरळ डीआय (महिंद्राचंच डायरेक्ट इंजेक्शनचं डिझेल इंजिन) टाका आणि मोकळे व्हा.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. ब्लॉक (सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा सांगाडा) आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) धड असेल तर आहे त्याच इंजिनाचं काम नीट करून घ्या. ब्लॉक फुटला असेल किंवा क्रँक आता घासायच्या पलीकडे गेला असेल तर डीआय. जुन्या बाजारातलं तेच इंजिन हा माझ्या लेखी तिसऱ्या नंबरचा पर्याय, आणि तोही फक्त चालू करून बघायला मिळत असेल तरच. पण ह्या तिन्हीच्या आधी एक काम आहे, आणि तेच बहुतेक लोक करत नाहीत, ते म्हणजे इंजिन खरोखर गेलंय का हे बघणं.

इंजिन उघडण्याआधी

आपल्याकडची हवा खारी, पाऊस चार महिने, आणि गाडी बऱ्याचदा माडाखाली नाहीतर उघड्या पडवीत उभी. त्यामुळे कोकणातल्या गाडीला घाटावरच्या गाडीपेक्षा वेगळे रोग होतात आणि त्यातले बरेचसे इंजिनाच्या बाहेरचे असतात, पण लक्षणं मात्र अगदी इंजिन गेल्यासारखी दिसतात.

सगळ्यात पहिलं अर्थिंग. बॅटरीच्या मायनसपासून चेसिसला एक पट्टा जातो आणि चेसिसपासून इंजिनला दुसरा, विणलेल्या तारेचा. हा दुसरा पट्टा खाली कुठेतरी असतो, कोणी बघत नाही, त्याच्यावर चिखल, ऑइल आणि वरून कलर मारलेला. नट खोलून बघा, लगच्या (टोकाच्या कडीच्या) खाली हिरवी-पांढरी पावडर साचलेली असते आणि तार वरून अख्खी दिसली तरी आत अर्धी खाल्लेली असते. आता होतं काय की सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण हळू फिरतं, आणि डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसतो, हवा दाबून जी गरम होते त्यावरच डिझेल पेटतं, त्यामुळे हळू फिरलं की हवा पुरेशी तापत नाही आणि गाडी स्टार्ट होत नाही. मग बॅटरी बदलतात, सेल्फ रिपेअर करतात, आणि तरी नाही झालं की कॉम्प्रेशन गेलं म्हणतात. तपासायला एक साधा मल्टीमीटर पुरतो. एक पिन बॅटरीच्या मायनसच्या पोस्टवर (क्लॅम्पवर नाही, पोस्टवर), दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला तर अर्थिंग खराब. पट्टा नवीन टाका, दोन्हीकडचा कलर घासून लोखंड चकाकेपर्यंत साफ करा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस फासा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर हे एवढं केलं तरी खूप त्रास वाचतो.

दुसरं, हीटर प्लग. प्युजोचं हे इंजिन इनडायरेक्ट इंजेक्शनचं आहे, म्हणजे डिझेल आधी हेडमधल्या छोट्या चेंबरमध्ये पेटतं आणि मग पिस्टनवर येतं. त्या चेंबरच्या भिंती थंड असल्या की सकाळी त्रास देणारच, त्यासाठीच हीटर प्लग. चारातले दोन जळाले तरी गाडी स्टार्ट होते, पण सुरुवातीला पांढरा धूर आणि एखादा सिलिंडर मारत नाही असा थरथराट, दोन मिनिटांनी सगळं व्यवस्थित. हे दोन मिनिटांनी व्यवस्थित होणं म्हणजेच इंजिन ठीक असल्याची खूण आहे. वायर काढून एकेक प्लग मीटरवर बघा, ओपन दाखवला की तो गेलेला.

तिसरं म्हणजे लाइनमध्ये एअर, आणि ह्याच्यावर मी जरा जास्त बोलणार कारण ह्यात माणसं नाहक पैसे घालवतात. आमच्या ओळखीतल्या देवगडकडच्या एका बागायतदारांची जीप चढणीला झटके द्यायची आणि रात्रभर उभी राहिली की सकाळी दहा-दहा वेळा सेल्फ मारावा लागायचा. गॅरेजवाल्याने नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढून टेस्टिंगला पाठवले, पंप खोलला, आणि शेवटी सांगितलं, "ह्यां इंजिन संपलां, आबानू." आबांनी दुसऱ्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीला दाखवलं. त्याने काय केलं, फिल्टर आणि पंपाच्या मधला रबरी पाइप काढून त्या जागी तेवढ्याच जाडीचा पारदर्शक पाइप लावला आणि गाडी चालू ठेवली. पिवळसर डिझेलमधून बारीक बारीक बुडबुड्यांची माळ सरळ पंपाकडे जाताना दिसत होती. मग मागे मागे जात फिल्टरच्या हेडवरच्या बंजो बोल्टपर्यंत (पाइप जोडणारा, आतून पोकळ बोल्ट) पोचला, तिथला तांब्याचा वॉशर परत परत वापरून चपटा झालेला. ओढणीच्या बाजूला हवा आत शिरते पण डिझेल बाहेर गळत नाही, म्हणून बाहेरून काहीच ओलं दिसत नव्हतं. नवीन वॉशर टाकला, हँड प्राइमरने एअर काढली, आणि ते इंजिन अजून चाललंय. फिल्टर बदलताना तांब्याचे वॉशर नवीनच टाका, हा नियम करा.

एखादा सिलिंडर मेलाय असं वाटलं तर चालू गाडीत एकेका नोझलच्या पाइपचा नट जरासा सैल करून बघतात. जो सैल केल्यावर इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच बंद आहे. पण हात आणि डोळे लांब ठेवा, ह्या पाइपातल्या डिझेलचं प्रेशर एवढं असतं की चामडीतून आत घुसतं आणि ती जखम साधी नसते, लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं.

डिझेलमधलं पाणीही आलंच. पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवली की आतल्या दमट हवेचं पाणी टाकीच्या भिंतीवर धरतं आणि खाली बसतं, मग टाकीला आतून गंज, गंजाचा चिखल फिल्टरमध्ये. टाकी भरून ठेवा, फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू अधूनमधून सोडून पाणी काढा.

आणि घाट चढताना गरम होतं म्हणून इंजिन काढायला निघालेल्यांनी आधी रेडिएटर बघावा. आपल्या लाल मातीचा चिखल जाळीत भरून सुकला की तो विटेसारखा होतो, वरवर पाणी मारून निघत नाही, रेडिएटर काढून मागून पुढे पाण्याची धार मारावी लागते. त्यात भर म्हणजे विहिरीचं मचूळ पाणी रेडिएटरात घालायची सवय. किनाऱ्यालगतच्या विहिरींच्या पाण्यात क्षार असतातच, ते ब्लॉकच्या आत थर धरतात आणि गंज वाढवतात. कूलंट घाला, मिसळायला डिस्टिल्ड वॉटर वापरा. थर्मोस्टॅट काढून फेकून दिलेला असेल तर तो परत बसवा, काढल्याने गाडी थंड राहते हा समज आहे, उलट इंजिन कधी नीट तापतच नाही आणि झीज वाढते.

मग खरोखर गेलंय हे कसं कळणार

गरम इंजिन चालू ठेवून ऑइल भरायची कॅप उघडा. थोडा वास, थोडी वाफ चालते. पण धापा टाकल्यासारखे फुत्कार येत असतील, कॅप ठेवली तर उडत असेल, तर रिंगांमधून कॉम्प्रेशन खाली उतरतंय. सतत निळा धूर आणि ऑइल कमी होत जाणं हेही त्याच्याच जोडीचं. नुसता सुरुवातीला निळा धूर आणि मग साफ, तर बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या गाइड-सीलमधून ऑइल उतरतंय, म्हणजे हेडचं काम, फुल इंजिन नाही. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, एअर फिल्टर आणि नोझल आधी बघा. गरम झाल्यावरही पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे, पाणी कमी होणं, हे हेड गॅस्केट किंवा हेडला क्रॅक.

आणि शेवटचा शब्द कॉम्प्रेशन टेस्टचा. पेट्रोल गाडीचा गेज इथे चालत नाही, त्याचा काटा ३०० पीएसआयच्या आसपास संपतो, डिझेलचा मोठ्या रेंजचा गेज लागतो आणि हीटर प्लगच्या किंवा नोझलच्या भोकात बसणारा अडॅप्टर लागतो. इंजिन गरम, बॅटरी फुल चार्ज. एकूण आकड्याइतकंच महत्त्व चार सिलिंडरमधल्या फरकाला आहे. चारही थोडे कमी पण सारखे असतील तर ते म्हातारं पण तब्येत बरी असलेलं इंजिन आहे, अजून चालेल. शेजारशेजारचे दोन एकदम पडलेले असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट बघा. एकच पडला असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंग. ही टेस्ट केल्याशिवाय जो कोणी "इंजिन काढा" म्हणेल त्याच्याकडे इंजिन काढू नका.

आता तिन्ही पर्याय समोरासमोर

थोडी माहिती आधी, कारण ह्या दोन इंजिनांचा स्वभाव त्यांच्या जन्मातच आहे. एमएम ५४०चं प्युजो एक्सडीपी ४.९० हे २११२ सीसीचं, बोअर ९० मिमी आणि स्ट्रोक ८३ मिमी, म्हणजे स्ट्रोक छोटा, फिरायला मोकळं, प्युजोच्या तंत्रज्ञानावर महिंद्राने इगतपुरीच्या कारखान्यात बनवलेलं. मुळात कारच्या घराण्यातलं इंजिन. डीआय म्हणजे एमडीआय, २५२३ सीसी, बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६, लांब स्ट्रोकचं, इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनाच्या वंशातलं. ह्या दोन स्ट्रोकमधल्या फरकातच पुढची सगळी तुलना आहे.

चढणीला आणि चिखलाला डीआय सरळ पुढे. खालच्या आरपीएमला ओढतं, बागेतल्या दगडी चढणीला पहिल्यात सोडून दिलं तरी बंद न पडता टुकटुक करत वर जातं. व्हाळ (ओढा) ओलांडताना किंवा कातळावरून चाक एकेक इंच ठेवताना हे फार उपयोगाचं, क्लच कमी जळतो. प्युजोला तिथे जरा रेस द्यावी लागते, लो गिअर वापरावा लागतो, पण वापरायला शिकलात तर प्युजोही कुठे अडत नाही, ही गाडी ह्या इंजिनावरच नाव कमावून बसली आहे.

रस्त्याला मात्र उलटं. प्युजो आरामात जास्त फिरतं, डीआयला तेवढं फिरवलं की आवाज आणि थरथर असह्य होते. हिशोब सोपा आहे, डिफरन्शियल (चाकांना फिरवणारे अॅक्सलमधले गिअर) तेच ठेवलं आणि जिथे प्युजो ३६०० आरपीएमला चालवत होता तिथे डीआय २७०० ला चालवलं, तर स्पीड बरोबर तीन चतुर्थांश होणार. म्हणजे बागेपुरती गाडी असेल तर काही बिघडत नाही, पण दर महिन्याला एनएच ६६ ने लांब जायचं असेल तर डीआय टाकून एक तर सावकाश जायची तयारी ठेवा, नाहीतर पुढचं-मागचं दोन्ही डिफरन्शियल वेगळ्या रेशोचं बसवा, आणि फोर व्हील असेल तर दोन्हीकडे एकच रेशो पाहिजे हे विसरू नका, नाहीतर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा) जाईल.

डिझेल डीआय कमी खातं, कारण चेंबरच्या भिंतीत जाणारी उष्णता वाचते. त्याच कारणाने पाण्यात उष्णताही कमी जाते, करूळ नाहीतर आंबोली घाट भर उन्हात लोड घेऊन चढताना हे जाणवतं. आणि थंडीत स्टार्टिंगलाही डीआय सोपं, हीटर प्लगची भानगड जवळपास नाहीच.

थरथर हा डीआयचा मोठा दोष आणि तो नुसता कानाला त्रास म्हणून सोडून देण्यासारखा नाही. आपल्या जुन्या गाड्यांचा पत्रा आधीच खाऱ्या हवेने पातळ झालेला असतो. त्यावर डीआयची थरथर आली की रेडिएटरचं ब्रॅकेट, मडगार्डचे जोड, सायलेन्सरचे हँगर, हेडलाइटची रिंग एकेक करून तुटायला लागतं. चेसिस आणि बॉडी माउंटिंगचं रबर आधी ठीक करा, मगच डीआयचा विचार करा.

पार्टच्या बाबतीत डीआयला तोड नाही. कमांडर, मॅक्स, पिकअप, बोलेरो अशा कितीतरी गाड्यांत हे इंजिन किंवा त्याचे भाऊ लागले, त्यामुळे कुडाळ, राजापूर, चिपळूण कुठेही दुकानात गॅस्केट, रिंग, वॉटर पंप हातोहात मिळतो आणि मेकॅनिकलाही विचार करावा लागत नाही. (ट्रॅक्टरचा पार्ट डोळे झाकून जीपला लावू नका, दिसायला सारखे असले तरी सगळे एक नाहीत, नंबर जुळवून घ्या.) प्युजोचे झिजणारे पार्ट, म्हणजे लायनर-पिस्टन, रिंग, बेअरिंग, गॅस्केट, अजून मिळतात, पण तालुक्याच्या दुकानात नाही, कोल्हापूर-पुणे-मुंबईहून मागवायचे. हेड, क्रँक, पंपाचे काही भाग हे शोधावे लागतात. म्हणून प्युजो ठेवणाऱ्याने चांगलं हेड किंवा क्रँक कुठे दिसला तर घेऊन ऑइल फासून ठेवावा.

प्युजोचं काम करायचं ठरलं तर

काम गॅरेजमध्ये कमी आणि मशीन शॉपमध्ये जास्त बनतं किंवा बिघडतं. सिंधुदुर्ग-दक्षिण रत्नागिरीवाल्यांना कोल्हापूर सोयीचं, शिरोली-गोकुळ शिरगावच्या आसपास फाउंड्री आणि मशीनिंगचं काम पिढ्यांपासून चालतं, तिथली हातोटी आपल्याकडच्या छोट्या लेथवर येत नाही. क्रँक मोजून घ्या, घासायचा असेल तर पुढचा साइज घासून त्याच साइजची बेअरिंग. हेडचा सरफेस सपाट आहे का, क्रॅक आहे का हे प्रेशर टेस्ट करून बघा. ब्लॉकच्या बाजूला पाण्याच्या वाटेवर पत्र्याची वाटीसारखी बुचं असतात, ती सगळी नवीन टाका, खास करून बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, क्लच झाकणारं कव्हर) मागे लपलेलं, कारण ते गळलं की परत अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. टायमिंग चेन आणि टेन्शनर तेव्हाच बदला. नोझल आणि पंप एकत्र कॅलिब्रेट करून घ्या, नवीन इंजिनावर जुने झिजलेले नोझल म्हणजे पिस्टन जाळायची व्यवस्था.

"हाफ इंजिन" करू का असं बरेच जण विचारतात, म्हणजे नुसत्या रिंगा आणि बेअरिंग. सिलिंडर गोल आणि सरळ असेल, मोजून तसं आलं असेल, तर करा. मोजल्याशिवाय नुसत्या रिंगा टाकल्या तर झिजलेल्या सिलिंडरमध्ये नवीन रिंग बसत नाही आणि काही महिन्यांत तोच निळा धूर परत.

डीआय टाकायचं ठरलं तर

नुसतं इंजिन घेऊ नका. इंजिन, फ्लायव्हील, क्लच, बेल हाउसिंग, स्टार्टर, अल्टरनेटर, माउंटिंग, एअर फिल्टरचे पाइप, शक्य असेल तर गिअरबॉक्ससुद्धा, असा पूर्ण सेट एकाच गाडीतून काढलेला घ्या. सुटं सुटं जमवत बसलात की प्रत्येक जोडाला लेथवर जावं लागतं आणि स्वस्त वाटलेलं काम महाग पडतं. एमएम ५४०चा केएमटी ९० गिअरबॉक्स ठेवायचा असेल तर त्याला जुळणारं बेल हाउसिंग किंवा अडॅप्टर प्लेट अगदी सेंटरला पाहिजे, जरा बाजूला झाली तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग वारंवार जाईल. टू व्हील गाडीचा गिअरबॉक्स घेतलात तर त्याच्या मागे ट्रान्सफर केस बसायची सोय नसते, मग फोर व्हील गेली. हे आधी विचारा.

डीआय वजनाला जड, पुढचे पाटे बसतात, एखादं पान वाढवावं लागतं. आणि ऑफरोडवाल्याने एक गोष्ट स्वतः बघितलीच पाहिजे. इंजिन बसवल्यावर पुढच्या अॅक्सलची एक बाजू जॅकने वर उचलून पाटा बंप स्टॉपला टेकेपर्यंत दाबा आणि खाली वाकून बघा, पुढचा डिफरन्शियल ऑइल सम्पला (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याला) लागतोय का, प्रोपेलर शाफ्ट कुठे घासतोय का. गॅरेजच्या सपाट जमिनीवर दोन बोटं जागा दिसते, पण खड्ड्यात आपटल्यावर ती राहत नाही, आणि कातळावर सम्प फुटला तर ऑइल सांडून गाडी तिथेच राहील.

जुन्या बाजारातलं तेच इंजिन

मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर, किंवा कोल्हापूर-पुण्यात, चालू म्हणून इंजिन मिळतं. सगळ्यात कमी वेळात होणारा पर्याय हाच, फेरफार काही नाही, माउंटिंग तेच, आरसीवर इंजिनचा प्रकारही तोच. पण प्युजो आता एवढं जुनं आहे की बाजारात आलेलं इंजिन बहुतेक तुमच्या इंजिनाच्याच वयाचं असतं. स्टँडवर चालू करून कॅप उघडून बघायला देत असतील, आणि गेज लावू देत असतील तर घ्या. धुऊन सिल्व्हर कलर मारून ठेवलेलं इंजिन बंद अवस्थेत घेऊ नका. काही जण असं इंजिन पार्टसाठी म्हणून घेतात, दोन इंजिनांतून एक चांगलं करतात, आणि हा विचार मला पटतो.

जपानी मोठं डिझेल किंवा नवीन कॉमन रेल टाकणारेही आहेत. हौसेला माझी हरकत नाही, पण सेन्सर आणि ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) वायरिंगला खारी हवा आणि व्हाळाचं पाणी मानवत नाही, आणि बागेत बंद पडल्यावर स्कॅनर घेऊन कोण येणार. राबत्या गाडीला नको.

मारुती जिप्सीवाल्यांचं गणित वेगळं आणि सोपं आहे. जुनी ९७० सीसीची असेल आणि इंजिन गेलं असेल तर जिप्सी किंगचं १३०० कार्ब्युरेटर इंजिन त्याच्या पाच गिअरच्या बॉक्ससकट टाकणं हा पुष्कळांनी केलेला, जमलेला बदल आहे. एमपीएफआय (कॉम्प्युटरने पेट्रोल फवारणारं) इंजिन टाकायचं असेल तर वायरिंग, टाकीतला पंप, ईसीयू सगळं आलं, मग वर सांगितलेलीच अडचण.

कागदपत्रं

हे शेवटी लिहितोय पण करायचं आधी. इंजिन नंबर आरसीवर असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांचे नियम आहेत, आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे तेच इंजिन दुसरं बसवणं आणि वेगळ्या प्रकारचं इंजिन बसवणं ह्यात कागदोपत्री मोठा फरक आहे. डीआयचा विचार असेल तर पैसे देण्याआधी आरटीओत जाऊन विचारा, एमएच ०७ असो की ०८, तुमच्या मॉडेलला हा बदल नोंदवून मिळेल का, आणि शक्यतो लेखी उत्तर घ्या. नोंद होत नसेल तर टाकू नका, मग प्युजोच करा, किंवा तेच इंजिन दुसरं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करताना गाडी दाखवावी लागते आणि तिथे नंबर बघतात. इन्शुरन्स कंपनीलाही कळवा, न कळवलेल्या इंजिनाच्या गाडीचा क्लेम अडकतो. जुनं इंजिन घेताना बिल, विकणाऱ्याचा तपशील, आणि ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची किंवा स्क्रॅपच्या कागदाची झेरॉक्स घ्या, इंजिन नंबर घासलेला किंवा परत ठोकलेला दिसला तर हात लावू नका, चोरीचा माल निघाला तर गाडी जप्त होते.

कधी करायचं

मार्च ते मे हापूसचा सीझन, तेव्हा गाडी उभी ठेवून चालणार नाही. गणपतीच्या आधी चाकरमान्यांच्या गाड्यांनी गॅरेज भरलेली असतात, तेव्हा तुमच्या जीपकडे कोणी लक्ष देत नाही. म्हणून जून लागला की इंजिन उतरवा आणि गणपतीच्या आधी पंधरा दिवस गाडी चालू पाहिजे असं बोलून घ्या. फक्त पावसाळ्यात एक काळजी, मशीनिंग करून आलेला सिलिंडर आणि क्रँक दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो. आणल्या आणल्या ऑइल फासून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, आणि जोडायच्या आधी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, सुकवून, परत ऑइल लावा. मशीनिंगची बारीक भुकटी सिलिंडरच्या रेघांमध्ये बसलेली असते, पांढरं फडकं फिरवल्यावर ते काळं व्हायचं थांबेपर्यंत धुवा.

इंजिन जोडल्यावर पहिले काहीशे किलोमीटर सपाट रस्त्याला, लोड न टाकता, एकाच स्पीडला लांब न चालवता कमी-जास्त रेस करत चालवा. आयडलिंगवर तासन् तास सोडू नका, त्याने रिंगा बसत नाहीत. पहिलं ऑइल आणि फिल्टर ५०० किलोमीटरला बदला, निघालेलं ऑइल पांढऱ्या भांड्यात ओतून उन्हात धरा आणि चकाकणारे कण बघा. लोहचुंबकाला चिकटणारी थोडी बारीक भुकटी पहिल्यांदा निघतेच, पण पितळी-तांबूस चमक दिसली तर बेअरिंग बोलतंय, तेव्हा घाटात जाण्याआधी सम्प उतरवून बघा.